आईचं वय किती?

‘वास्तव’मधली आई आणि तिचा मुलगा रघू यांच्या वयात फरक आहे तेरा महिन्यांचा. रीमा लागूंचा जन्म जून १९५८चा, संजय दत्तचा जुलै १९५९चा. १९९९मध्ये सिनेमा आला तेव्हा आई एक्केचाळीस वर्षांची होती आणि मुलगा चाळीस. हे गणित माहीत असूनही सिनेमा पुन्हा पाहताना मला काहीच खटकलं नाही. का खटकलं नाही, हा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही.

याचं अर्धं श्रेय रीमा लागूंचंच. म्हातारपणाचा अभिनय त्या फारसा करतच नाहीत. मुलगा गळ्यातली जाडजूड सोनसाखळी कौतुकानं दाखवतो, तेव्हा त्या दृश्याला वजन येतं ते आईच्या धास्तीमुळे. शेवटी त्याच्याच विनवणीवरून ती त्याच्यावर गोळी झाडते, तेव्हा ‘हिचं वय किती असेल?’ असा विचार कुणाच्या मनात येईल? त्यांनी वय नाही, नातं उभं केलं.

पण सगळं श्रेय अभिनयाला दिलं की कास्टिंग करणारे आणि आपण प्रेक्षक अलगद सुटतो.

‘सारांश’ (१९८४) आठवा. तिशीही न गाठलेल्या अनुपम खेरनं निवृत्त शिक्षक बी. व्ही. प्रधान साकारला. ही गोष्ट आजही चमत्कारासारखी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्याच सिनेमात, त्याच घरात, त्याची पत्नी झालेल्या रोहिणी हट्टंगडीही तेव्हा तिशीच्या आसपासच होत्या. त्यांचं म्हातारं होणं कुणी किस्सा म्हणून सांगताना मी तरी ऐकलेलं नाही. पुरुष म्हातारा झाला की ती कामगिरी. बाई म्हातारी झाली की त्यात काय विशेष!

पुढे काय झालं तेही पाहा. दोनच वर्षांनी खेर ‘कर्मा’मध्ये खलनायक डॉक्टर डँग झाला. हट्टंगडी १९९०च्या ‘अग्निपथ’मध्ये आई झाल्या, तीही त्यांच्यापेक्षा वयानं मोठ्या असलेल्या अमिताभ बच्चनची.

रीमा लागूंच्या बाबतीत तर एकच वर्ष पुरेसं आहे. १९९४मध्ये ‘हम आपके हैं कौन’मध्ये त्या माधुरी दीक्षितची आई होत्या. त्याच वर्षी दूरदर्शनवर ‘श्रीमान श्रीमती’ सुरू झाली आणि तिथल्या कोकिला कुलकर्णीवर शेजारचा दिलरुबा लट्टू होता. चेहरा तोच, वर्ष तेच. एका पडद्यावर जावई शोधायचं वय, दुसऱ्यावर शेजाऱ्यानं भाळायचं. म्हणजे आपण वय चेहऱ्यावरून ओळखतो, हा भ्रमच म्हणायचा. बाईच्या शेजारी कोण उभं आहे ते पाहून आपण तिचं वय ठरवतो. एकदा ‘आई’ म्हटलं की डोळे मोजणं थांबवतात.

आईच्या भूमिकांनीच त्यांना घराघरात नेलं, मग तक्रार कसली, असं कुणी म्हणेल. त्यांच्या लोकप्रियतेबद्दल माझी तक्रार नाहीच. माझा आक्षेप हिशोबावर आहे. ‘वास्तव’मध्ये चाळिशीचा नट पावभाजीची गाडी टाकून आयुष्य सुरू करणारा तरुण होतो, प्रेमात पडतो, बाप होतो. त्याचं हे तारुण्य आपल्याला पटतं, कारण समोर त्याच्याच वयाची बाई त्याची आई म्हणून उभी आहे. हिरोला तरुण ठेवायचं तर कुणाला तरी म्हातारं व्हावं लागतं. ते काम रीमा लागूंच्या वाट्याला १९८९मध्येच आलं होतं. ‘मैंने प्यार किया’मध्ये त्या सलमान खानची आई झाल्या, तेव्हा त्या फक्त एकतीस वर्षांच्या होत्या.

मे २०१७मध्ये रीमा लागू गेल्या तेव्हा त्या एका मालिकेत काम करत होत्या. वय होतं अठ्ठावन्न. बातमी वाचून ‘एवढंच?’ असं वाटलेले बरेच जण असतील. आपल्या मनात त्या तीसेक वर्षं साठीच्याच होत्या.

‘वास्तव’ मोबाईलवर पाहाल, तेव्हा आई आणि रघू एका फ्रेममध्ये आले की एकदा पॉज करा. नाती विसरून नुसते दोन चेहरे बघा. दोन समवयस्क माणसं दिसतील. मग प्ले करा आणि त्यातली एक किती लवकर म्हातारी होते ते पाहा.