विज्ञानरंजनाचे विडंबन : स्पाइक मिलिगन यांच्या तीन कृती

१

विडंबन हे परोपजीवी असते आणि म्हणून गौण असते, हा समज मराठी समीक्षेत पुष्कळ काळ टिकून राहिला आहे. 'झेंडूची फुले'सारख्या संग्रहाला रसिकांनी उचलून धरले. परंतु विडंबनाची बरीवाईट पारख कोणत्या निकषावर करावयाची, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. वस्तुतः या प्रश्नाची सामग्री भारतीय साहित्यशास्त्रात फार पूर्वीपासून आहे. भरताने हास्याची उत्पत्ती शृंगाराच्या अनुकृतीत पाहिली. अभिनवगुप्ताने हा विचार पुढे नेऊन कोणत्याही रसाचा आभास हास्यास कारण होऊ शकतो असे दाखविले. रस जेथे औचित्य सोडून केवळ त्याचे रूप धारण करतो, तेथे हसू उमटते.

हा सिद्धान्त ताडून पाहण्यास विज्ञानरंजनाचे क्षेत्र विशेष सोयीचे आहे. अद्भुत आणि भयानक हे या प्रकाराचे प्रधान रस होत. आणि हे दोन्ही रस आभासाच्या कड्यावरच उभे असतात. परग्रहावरून आलेला प्राणी पुठ्ठ्याचा आहे हे एकदा लक्षात आले, की भयाचे हसू होण्यास क्षणाचाही विलंब लागत नाही. दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांचे विडंबन त्या कथांच्या पाठोपाठच जन्मास आले, याचे कारण हेच.

या विडंबनाचा एक प्रमुख कर्ता अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे जन्मलेला होता, ही गोष्ट मराठी अभ्यासकांना फारशी परिचित नाही. स्पाइक मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी नगर येथे झाला. वडील आयरिश, ब्रिटिश फौजेत नोकरीस होते. बालपण पुणे व रंगून येथे गेले आणि १९३० नंतरच्या दशकात हे कुटुंब इंग्लंडास परतले. १९५१ ते १९६० या काळात बी.बी.सी.च्या नभोवाणीवर गाजलेल्या 'गून शो' या हास्यमालिकेचे ते प्रमुख लेखक आणि पीटर सेलर्स व हॅरी सीकोम यांच्यासह तिचे नटही होते. २००२ साली त्यांचे निधन झाले. केवळ जन्मस्थानामुळे त्यांना 'नगरचे लेखक' म्हणणे धाडसाचे होईल. तथापि, त्यांच्या तीन कृती एकत्र ठेवून पाहिल्यास विडंबनाच्या मूल्यमापनाचा एक निकष हाती लागतो.

२

पहिली कृती १९५५ सालची. १२ डिसेंबर १९५४ रोजी बी.बी.सी.ने जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' या कादंबरीचे नाट्यरूपांतर दूरचित्रवाणीवर प्रत्यक्षप्रसारित केले. रूपांतर नायजेल नील यांचे व दिग्दर्शन रुडॉल्फ कार्टिअर यांचे. नायकाच्या भूमिकेत पीटर कुशिंग होते. छळाच्या दृश्यांमुळे प्रेक्षकांत खळबळ उडाली आणि प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले. तरीही १६ डिसेंबर रोजी नटसंचाने तेच नाटक पुन्हा एकदा प्रत्यक्ष सादर केले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ४ जानेवारी १९५५ रोजी, त्याच बी.बी.सी.च्या नभोवाणीवरून 'गून शो'ने '१९८५' ही श्रुतिका सादर केली. ती मिलिगन व एरिक साइक्स यांनी लिहिली होती.

श्रुतिकेतील मुख्य युक्ती एका संक्षेपावर आधारलेली आहे. बी.बी.सी. ही तीन अक्षरे कायम ठेवून त्यांचा विस्तार 'बिग ब्रदर कॉर्पोरेशन' असा करण्यात आला. ऑर्वेलच्या जगातील सर्वसाक्षी सत्ता म्हणजे दुसरीतिसरी कोणी नसून, श्रोता या क्षणी जिचा कार्यक्रम ऐकत आहे तीच संस्था होय, असे सुचविले गेले. कैद्याला शिक्षा म्हणून त्याच संस्थेचे कार्यक्रम ऐकावे लागतात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता येथे चिन्ह तेच राहते आणि त्याचा निर्देश तेवढा बदलतो. परंतु हा बदल लहरी नाही. देशभर एकच प्रमाण उच्चार, एकच गंभीर निवेदनशैली आणि कोणास काय ऐकू द्यावयाचे याचा वरून होणारा निर्णय, ही सारी लक्षणे त्या संस्थेत होतीच. १९५४ च्या कायद्याने व्यापारी दूरचित्रवाणीचा मार्ग मोकळा झाला होता आणि तिच्या मक्तेदारीची चर्चा घरोघर चालू होती. मूळ आणि अनुकृती यांत खरेखुरे साम्य होते. विडंबनाने ते उघडे केले. शिवाय हसणारा त्या सत्तेच्या पगारावर होता आणि हसू तिच्याच ध्वनिक्षेपकातून बाहेर पडत होते. जोखीम लेखकाने स्वतःच्या माथी घेतली होती.

३

दुसरी कृती 'द स्कार्लेट कॅप्सूल' ही फेब्रुवारी १९५९ मधील श्रुतिका. तिचे लक्ष्य 'क्वाटरमास अँड द पिट' ही नील व कार्टिअर यांचीच सहा भागांची दूरचित्रवाणीमालिका होती. ती डिसेंबर १९५८ ते जानेवारी १९५९ या काळात प्रक्षेपित झाली. लंडनमध्ये पायासाठी खोदकाम चालू असता प्राचीन कवट्या सापडतात, मग एक विचित्र वस्तू सापडते. तो युद्धातील न फुटलेला बॉम्ब असावा असे लष्कराला वाटते, आणि अखेर ते मंगळावरून आलेले यान ठरते. विडंबनातही खोदकाम आहे, कवट्या आहेत आणि नेड क्वाटरमास या नावाचा प्राध्यापकही आहे.

येथे सत्तेवर प्रहार नाही. लक्ष्य आहे ते विज्ञानरंजनाचे व्याकरण. तज्ज्ञ येतो, वस्तूचे वर्णन करतो, लष्करी अधिकारी त्यावर विश्वास ठेवीत नाही, वस्तू स्पंदन पावू लागते आणि मग तज्ज्ञ एखादा पारिभाषिक शब्द उच्चारून सर्वांना गप्प करतो. या क्रमातील प्रत्येक पायरी 'गून शो'ने जशीच्या तशी ठेवून तिचा आशय तेवढा पोकळ केला. वाक्यरचना शाबूत ठेवून शब्द बदलले असता वाक्याचा सांगाडा जसा दिसू लागतो, तसा येथे कथाप्रकाराचा सांगाडा दिसू लागतो.

ध्वनीची गोष्ट तर अधिक उद्बोधक आहे. १९५८ साली बी.बी.सी.ने रेडिओफॉनिक वर्कशॉप ही प्रयोगशाळा सुरू केली. 'क्वाटरमास अँड द पिट'मधील भयसूचक ध्वनी तेथेच तयार झाले. आणि 'गून शो'मधील मेजर ब्लडनॉक या पात्राच्या पोटातील विख्यात गुरगुरही तेथलीच. पुढे १९६३ साली 'डॉक्टर हू' या मालिकेचे शीर्षकसंगीत याच जागी सिद्ध झाले. म्हणजे भयानक आणि हास्य हे दोन रस एकाच यंत्रावर व एकाच कारागिरीने घडत होते. अभिनवगुप्ताचा आभासविचार याहून अधिक मूर्त रूपात क्वचितच पाहावयास मिळेल.

अशा विडंबनाचा खरा श्रोता म्हणजे मूळ कृतीचा निस्सीम चाहता होय. ज्याला क्रम पाठ नाही, त्याला क्रमभंग जाणवत नाही. म्हणूनच विडंबन हे प्रेमाचे वैरी नसून पुष्कळदा प्रेमाचेच माप असते. या चाहत्यांनी पुढे केलेले कार्यही लक्षणीय आहे. १९५३ च्या पहिल्या क्वाटरमास मालिकेच्या सहा भागांपैकी दोनच आज उपलब्ध आहेत. 'डॉक्टर हू'चे अनेक जुने भाग बी.बी.सी.ने पुसून टाकले. परंतु या दुसऱ्या मालिकेच्या गहाळ भागांचे ध्वनी घरबसल्या फितीवर मुद्रित करून ठेवणाऱ्या प्रेक्षकांमुळे टिकले. 'गून शो'च्या जतनासाठी १९७२ साली चाहत्यांची संस्था स्थापन झाली. संस्थांनी टाकाऊ मानलेले वाङ्मय छंदिष्टांनी राखले, याची नोंद वाङ्मयेतिहासाने घ्यावयास हवी.

४

तिसऱ्या कृतीपाशी आल्यावर मात्र चित्र पालटते. १९७५ साली 'क्यू सिक्स' या दूरचित्रवाणीमालिकेत मिलिगन यांनी एक प्रवेश सादर केला. 'डॉक्टर हू'मध्ये डिसेंबर १९६३ पासून वावरणारे, टेरी नेशन यांनी कल्पिलेले 'डॅलेक' हे यंत्रवेष्टित शत्रू तोवर इंग्लंडातील लहान मुलांनाही ठाऊक झाले होते. या प्रवेशातील डॅलेक हा पाकिस्तानी स्थलांतरित गृहस्थ आहे. तो संध्याकाळी घरी येतो, वाटेतील वस्तूंचा आणि प्राण्यांचा विध्वंस करतो आणि त्यांची रवानगी रश्शाच्या भांड्यात करावयास फर्मावतो.

प्रवेशाच्या बाजूने एक युक्तिवाद संभवतो. विश्वविजयाच्या वल्गना करणाऱ्या यंत्राला दिवाणखाना, बायको आणि जेवणाची वेळ यांत आणून बसविल्याने त्याच्या भयंकरपणाचा फुगा फुटतो. म्हणजे विडंबन डॅलेकचे आहे, स्थलांतरिताचे नव्हे. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. घरगुतीपणा दाखवावयाचा होता, तर कोणतेही इंग्रज घर पुरले असते. पाकिस्तानी घर निवडले गेले ते आवाजासाठी. डॅलेकचे बोलणे सपाट, आघातशून्य आणि आज्ञार्थी असते. दक्षिण आशियाई इंग्रजीचा लहेजा इंग्रज कानाला वेगळा लागतो. या दोहोंत साम्य एकच, ते म्हणजे 'आपल्यासारखे न बोलणे'. इंग्रजीत परदेशी माणूस आणि परग्रहवासी या दोघांनाही 'एलियन' हा एकच शब्द चालतो. प्रवेशाची सारी गंमत या श्लेषातून येते, आणि हा श्लेष मिलिगन यांनी निर्माण केलेला नव्हता. समाजात तो आधीच रूढ होता. १९५५ च्या श्रुतिकेने झाकलेले साम्य उघडे केले, तर १९७५ च्या प्रवेशाने रूढ ग्रह तेवढा पुन्हा उच्चारला.

लेखकाचे चरित्र पुढे करून या दोषाचे परिमार्जन करण्याचा मोह होतो. १९६० नंतरच्या दशकात नव्या कायद्यांमुळे मिलिगन यांच्याच ब्रिटिश नागरिकत्वाचा प्रश्न निर्माण झाला. त्यांनी राजनिष्ठेची शपथ घेण्यास नकार दिला आणि आयरिश नागरिकत्व पत्करले. एका अर्थी ते स्वतःच परके ठरले. नगरला जन्मलेल्या, पुण्यात वाढलेल्या माणसाने परकेपणाची थट्टा केली तर ती आतल्या माणसाची थट्टा होय, असे काही म्हणतील. पण 'गून शो'मधील लालकाका व बॅनर्जी या पात्रांपासून त्या प्रवेशापर्यंत हिंदी माणसाचा आवाज सदैव दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येतो. स्वतः परका ठरल्याने दुसऱ्या परक्याच्या वतीने हसण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. समीक्षेने कृती पाहावी. चरित्र हे तिचे जामीनपत्र नव्हे.

५

या निकषाचा उपयोग मराठीतही होण्यासारखा आहे. मराठी रंगभूमीवर आणि पुढे दूरचित्रवाणीवर बोलीचा उपयोग हशासाठी भरपूर झाला आहे. नगरकडचा हेल, वऱ्हाडी वा मालवणी उच्चार कानी पडताच हसावयाचे, हा संकेत प्रेक्षकांच्या अंगवळणी पडलेला आहे. परंतु सर्व बोलीविनोद एका मापाने मोजता येणार नाही. गंगाराम गवाणकर यांचे १९८० साली रंगभूमीवर आलेले 'वस्त्रहरण' घ्यावे. तेथे मालवणी बोलणारी गावकरी मंडळी पौराणिक नाटकाचा प्रयोग करतात आणि त्या ओघात पौराणिक नाटकाच्या भारदस्त भाषेची घडी विस्कटून टाकतात. बोली तेथे विडंबनाचे साधन आहे आणि बोलणाराच विडंबक आहे. याउलट ज्या प्रवेशात गावठी उच्चार एवढाच विनोद असतो, तेथे बोलणारा केवळ विषय असतो.

तेव्हा विडंबनाची पारख करताना दोन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते : अनुकृतीने मूळ वस्तूतील एखादे अलक्षित साम्य दाखविले की रूढ समज पुन्हा सांगितला, आणि ज्याचे बोलणे उसने घेतले, त्याला उलट बोलण्याची जागा ठेवली की नाही. '१९८५' पहिल्या प्रश्नास पूर्णपणे उतरते, आणि ज्या संस्थेवर ते हसते तिच्याजवळ उत्तर देण्याची साधने उदंड होती. 'द स्कार्लेट कॅप्सूल' कथाप्रकारालाच लक्ष्य करीत असल्याने तेथे दुसरा प्रश्न उद्भवत नाही. डॅलेकचा प्रवेश दोन्ही ठिकाणी उणा पडतो. एकाच लेखकाच्या, एकाच कथाप्रकारावर बेतलेल्या कृतींत हा फरक पडत असेल, तर विडंबन हा प्रकारच गौण आहे असे म्हणणे टिकत नाही. मराठीतील बोलीविनोदाच्या संहिता आणि ध्वनिफिती या दोन प्रश्नांच्या आधारे एकवार तपासून पाहिल्यास पदव्युत्तर संशोधनाला एक चांगला विषय मिळेल. आणि नगरी, वऱ्हाडी वा मालवणी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःच्या बोलीचा हशा कोठून येतो, हेही समजेल.