‘बघ, उठ, चल, बस’: पहिलीच्या पुस्तकाची समीक्षा कोण करणार?

जून २०२४मध्ये पहिलीच्या ‘बालभारती’तली एक कविता समाजमाध्यमांवर गाजली. ‘जंगलात ठरली मैफल’ हे तिचं नाव. यमकासाठी हिंदी-इंग्रजी शब्द घेतले म्हणून मराठी बुडाल्याची हाकाटी झाली, टिंगल झाली आणि थोड्या दिवसांत सगळे दुसऱ्या विषयाकडे वळले. कविता मलाही फारशी आवडलेली नाही. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न कुणी विचारलेला मला दिसला नाही. ही कविता मुलानं वाचायची आहे की ऐकायची? पहिलीत नुकतं आलेलं मूल ती वाचू शकत नाही. बाई म्हणतात, मुलं मागोमाग म्हणतात. त्यात वाईट काहीच नाही. पण मग मुलानं स्वतःच्या बळावर वाचायचं असं काय आहे, आणि किती आहे?

आपल्याकडे पहिलीचं पुस्तक वाङ्मय म्हणून कुणी वाचत नाही. मराठीतलं सर्वाधिक हातांत जाणारं पुस्तक बहुधा तेच असेल, तरी त्याचं परीक्षण कुठे येत नाही. म्हणून मी अशी पुस्तकं कथा वाचावी तशी वाचतो.

जुन्या वळणाचे वाचनपाठ घ्या. आधी काना-मात्रा नसलेली अक्षरं, मग त्यांचे शब्द, मग वाक्यं. घर बघ. कप धर. उठ. चल. बस. पानंच्या पानं वाचली तरी काही घडत नाही. लेखकाला आळशी ठरवायची घाई नको, कारण अडचण व्याकरणात आहे. काना, मात्रा, वेलांटी काढून घेतली की मराठी क्रियापदाचं जवळजवळ एकच रूप हाताशी उरतं, ते म्हणजे एकेरी आज्ञार्थ. ‘बसतो’ला काना-मात्रा लागते, ‘आहे’ला मात्रा. म्हणजे मराठी मूल आयुष्यात सगळ्यांत आधी जे वाचतं ते हुकूम असतात. ‘नको’ म्हणायलाही काना-मात्रा हवी, ‘का?’ विचारायला काना हवा. काना आला की भूतकाळ उघडतो, ससा पळाला, मामा हसला. पण तोही पुल्लिंगी आणि एकवचनी. ताई गोष्टीत यायची तर वेलांटी शिकवून होईपर्यंत दाराबाहेर थांबते.

हे असंच असायला हवं असं नाही. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात काम करणारी क्वेस्ट ही संस्था बरीच वर्षं सांगते आहे की अक्षरांचे छोटे गट करा आणि स्वरचिन्हं पहिल्यापासून त्यांच्यासोबत द्या. याच वाड्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये २०१३ ते २०१६ या काळात पहिली ते तिसरीच्या मुलांच्या वाचन-लेखनाचा मोठा अभ्यास झाला. वर्गातलं शिकवणं अक्षरांपाशीच अडकून राहतं आणि अर्थ मागे पडतो, हे त्यातून पुढे आलं. मी स्वतः घरी बसून आठ अक्षरं घेतली, प, ल, आ, म, न, ळ, क, ण, आणि फक्त काना व दीर्घ वेलांटी. एवढ्यात हे बसलं: पाल आली. मनी आली. पाल पळाली. मनी पळाली. काकी पण पळाली. काकी का पळाली?

हे थोर साहित्य नाही. पण शेवटच्या प्रश्नावर मूल थांबतं. काकी पालीला घाबरून पळाली, की मनीच्या मागे? उत्तर द्यायला मागचं पुन्हा वाचावं लागतं.

हा मुद्दा जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात जाऊन पाहिला की जास्त टोचतो. डिंभे आणि माणिकडोह धरणांच्या वरच्या अंगाला, भीमाशंकर-नाणेघाटाच्या बाजूला महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांच्या लहान लहान शाळा आहेत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. चार इयत्ता, दोन शिक्षक. गुरुजी चौथीला भागाकार शिकवत असतात तेव्हा पहिलीचं मूल एकटं असतं. त्या वेळात हातात वाचण्याजोगं काही नसेल, तर ते पाटीवर ‘ग’ गिरवतं. शहरातल्या मुलाला संध्याकाळी घरी कुणीतरी गोष्ट वाचून दाखवतं. इथे बऱ्याच घरांत बाळहिरडा गोळा करायच्या दिवसांत सगळी मोठी माणसं रानात असतात.

अशाच एका शाळेत तिसरीतल्या मुलानं मला ‘डोंगरापलीकडच्या’ हा शब्द वाचून दाखवला. एकेक अक्षर बोटानं धरत, मध्ये एकदा श्वास घेत, शेवटी सगळं जोडून. मग वर बघून म्हणाला, “म्हंजी कोकणात.” शब्द नुसता वाचला नव्हता, तो कळलाही होता. घड्याळ लावलं असतं तर मुलगा नापास.

घड्याळ खरंच लावलेलं आहे. ५ जुलै २०२१ला केंद्रानं निपुण भारत अभियान सुरू केलं. तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान साठ शब्द अर्थ समजून वाचावेत, असं त्याचं लक्ष्य. मार्च २०२५मध्ये राज्यानं निपुण महाराष्ट्र कृती कार्यक्रम आणला. वाचन हा विषय सरकारी कागदावर इतका वर आला याचं मला मोल आहे. २०२४च्या ‘असर’ पाहणीत देशातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला, तेव्हा घाई हवीच. पण शब्द म्हणजे काय? ‘धरणापलीकडच्या गावातून’ हे मराठीत दोन शब्द. हिंदीत ‘बांध के उस पार के गांव से’ हे सात. मराठी प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटवते, हिंदी ती सुटी ठेवते. २०२२च्या पायाभूत अध्ययन अभ्यासात वीस भाषांसाठी वेगवेगळे निकष काढले गेले, म्हणजे वरच्या पातळीवर हे कळलेलं आहे. शिक्षकांशी बोलताना मात्र मला अजून साठचाच आकडा ऐकू येतो.

स्थानिक शब्द घाला, असा एक उपाय नेहमी सुचवला जातो. ‘ह’ हत्तीचा नको, हिरड्याचा करा. ‘ब’ बदकाचा नको, बिबट्याचा करा. उसातून शाळेत येणाऱ्या नारायणगाव-मंचरकडच्या मुलांना जंगलातली मैफल आणि बिबट्या यांतला फरक नक्कीच कळतो. तरी मला हा उपाय अपुरा वाटतो. हत्ती न पाहिलेल्या मुलाला हत्तीची गोष्ट आवडतेच, गोष्टी त्यासाठीच असतात. शब्द बदलून ‘हिरडा बघ’ केलं तरी तो हुकूमच राहणार.

कमतरता आहे ती मधल्या पायरीची. दहा-बारा अक्षरं आली आणि पाठ अजून झेपत नाही, त्या महिन्यांत रोज नवं काहीतरी वाचायला हवं. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांनी दाखवलं आहे की साध्या घरगुती मराठीत लहानांसाठी दर्जेदार लिहिता येतं. तुमच्या फोनवर स्टोरीवीव्हर उघडलंत तर पहिल्या पातळीच्या मराठी गोष्टी फुकट मिळतील, पण त्यांतले बरेच अनुवाद आहेत. मूळ भाषेत सोपं असलेलं वाक्य मराठीत येताना जोडाक्षरं आणि लांबलचक रूपं घेऊन येतं.

सरकारकडे छपाईची ताकद नाही असं नाही. बालभारती १९६७पासून हेच काम करते. २०२३मध्ये दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी वहीची कोरी पानं घातली गेली आणि २०२५मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. कोरी पानं शिवायला कागद मिळाला होता. त्याच कागदावर सोळा-सोळा पानांच्या गोष्टी छापता आल्या असत्या. २०२५च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला, २९ जूनला रद्द झाला. तिसऱ्या भाषेसाठी जितकं बोललो त्याच्या दहावा हिस्साही आपण पहिल्या भाषेच्या पहिल्या पानाबद्दल बोललो नाही.

लेखकांना अक्षरांची यादी हातात द्या आणि सांगा, एवढ्यातच लिहा, पण गोष्ट घडली पाहिजे. भल्याभल्यांना घाम फुटेल. असा पन्नास पुस्तिकांचा संच निघाला तर परीक्षणासाठी त्याची पहिली प्रत मी मागेन.