दीनबंधुकार कृष्णराव भालेकर व त्यांच्या कागदांचा विचार

बारामती म्हटलें कीं बाबूजी नाईक व मोरोपंत, आणि इंदापूर म्हटलें कीं मालोजी राजे, एवढ्यावर आमच्या संशोधकांची जिज्ञासा बहुधा थांबते. या दोन तालुक्यांचा एकोणिसाव्या शतकांतील इतिहास सरकारी रिपोर्टांत आहे, म्हणून तो झालाच असें आपण धरून चालतों. परंतु १८७५ ते १८७७ या तीन वर्षांत या मुलखावर जे प्रसंग गुदरले, त्यांच्या पाठोपाठ पुण्यास एक वर्तमानपत्र निघालें, आणि त्याच्या संपादकाचें कार्य तपासावयाचें तर सरकारी रिपोर्टाबाहेर पाहणें भाग पडतें. तें पत्र ‘दीनबंधु’. संपादक भांबुर्ड्याचे कृष्णराव पांडुरंग भालेकर (१८५०-१९१०). पहिला अंक ता. १ जानेवारी १८७७ रोजीं निघाला. पुढें १८८० त नारायण मेघाजी लोखंडे यांनीं तें मुंबईस नेलें.

या पत्राची भूमिका समजण्यास आधीं सुप्याकडे वळलें पाहिजे. सुपें तेव्हां भीमथडींत मोडत असे, हल्लीं तें बारामती तालुक्यांत आहे. ता. १२ मे १८७५ रोजीं, बाजारच्या दिवशीं, तेथें सावकारांविरुद्ध दंगा उसळला व तो पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्याचीं कारणें जुनीं होतीं. गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पाहणीची पद्धत प्रथम बसली ती इंदापुरांतच, १८३६ सालीं. तीस वर्षांची मुदत सरल्यावर १८६७ त तेथें सारा वाढला. त्याच सुमारास, अमेरिकेंतील युद्ध १८६५ त संपल्यामुळें, कापसाचा भाव कोसळला होता. सारा वाढलेला, पीक स्वस्त, आणि मध्यें सावकाराचें खत, अशी ही गांठ होती. दंगेखोरांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षां त्याच्या दप्तरावर अधिक होता. खतें काढून द्या, ही त्यांची मुख्य मागणी. मिळालेलीं खतें त्यांनीं फाडलीं व जाळलीं. कागद जळाल्याचें ऐकून आम्हां संग्राहकांस हळहळ वाटते, हें साहजिकच आहे. तथापि ज्या कागदानें रानाचा धनी बदलतो, तो आपल्या संग्रहासाठीं जपून ठेवावा अशी अपेक्षा त्या कुणब्याकडून करणें अंमळ जास्तच होईल. कमिशन बसलें, आणि १८७९ त दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला.

या दोहोंच्या दरम्यान १८७६-७७ चा दुष्काळ पडला. जिल्ह्याच्या पूर्वेकडील भीमथडी व इंदापूर या भागांस त्याची झळ विशेष लागली. नीरेच्या डाव्या कालव्याचें काम याच वेळीं दुष्काळी काम म्हणून सुरू झालें; तो कालवा १८८५ त चालू झाला. १८७७ च्या आरंभीं दुष्काळी कामांवरील मजुरीचा दर उतरविण्यांत आला व पुष्कळ मजुरांनीं कामें सोडलीं. ‘दीनबंधु’चे पहिले अंक नेमके या आठवड्यांतले होत. पुढल्याच वर्षीं, मार्च १८७८ त, लॉर्ड लिटन यांचा देशी वर्तमानपत्रांचा कायदा आला. पत्र निघालें तें असल्या काळांत, आणि तें काढणारा पंचविशी नुकतीच ओलांडलेला तरुण होता.

आतां साधनांविषयीं. भालेकरांच्या वेळचे ‘दीनबंधु’चे अंक अतिदुर्मिळ आहेत. त्या पत्रांतील मजकुराचा आधार म्हणून बहुतेक अभ्यासक सरकारच्या देशी वृत्तपत्रांवरील साप्ताहिक रिपोर्टांकडे जातात. हे रिपोर्ट उपयुक्त आहेत यांत शंका नाहीं. पण ते काय आहेत हें विसरून चालणार नाहीं. सरकारास जें जाणून घ्यावेंसें वाटलें तेवढेंच त्यांत निवडलें गेलें, तेंही इंग्रजींत व बहुधा सारांशरूपानें. रेसिडेन्सीच्या दप्तरांत पेशव्यांच्या पत्राचें इंग्रजी भाषांतर सांपडलें, तर तें मूळ पत्र म्हणून आपण कोणी छापीत नाहीं. मग वर्तमानपत्रास निराळा न्याय कां? इंग्रजी सारांश पुन्हा मराठींत उतरवून तो अवतरणचिन्हांत संपादकाच्या तोंडीं घालणें आम्हांस सर्वथा अग्राह्य वाटतें. राजद्रोहाचा वास येणारें वाक्य अशा रिपोर्टांत टिकतें. गांवाहून आलेलें पत्र, ज्वारीचा भाव, जाहिरात, वर्गणीची पोंच आणि मुख्य म्हणजे संपादकाची भाषा, यांस तेथें जागा नसते. असल्या रिपोर्टांवरून काढलेलें भालेकरांचें चित्र एका तक्रारखोर माणसाचें निघालें, तर त्यांत आश्चर्य नाहीं.

याच्या उलट भालेकरांचें स्वतःचें मराठी पाहावयाचें असेल, तर ‘बळीबा पाटील आणि १८७७ चा दुष्काळ’ ही कादंबरी पाहावी. ती १८८८ त ‘दीनमित्र’ मासिकांत क्रमशः आली. सीताराम रायकर यांनीं भालेकरांचें वाङ्मय संपादित केल्यामुळें ती आज हातीं येते, हे त्यांचे उपकार मानले पाहिजेत. तिला मराठींतील पहिली ग्रामीण कादंबरी म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो मान बरोबर असला तरी त्यानें ग्रंथाचें स्वरूप थोडें झांकलें जातें. कादंबरी म्हणून तिच्यांत बांधणी थोडी व उपदेश फार, असें आमचें मत आहे. पण साल मथळ्यांत घालणारा लेखक मुख्यतः बातमीदार असतो. वर्तमानपत्र हातचें गेल्यावर त्यानें आपलें काम कथेच्या रूपानें पुरें केलें, असेंच आम्ही या ग्रंथाकडे पाहतों. अर्थात् कथेंतील प्रसंग कागदोपत्रीं पुरावा म्हणून घेतां येणार नाहींत. भाषा व दृष्टि मात्र घेतां येईल, आणि रिपोर्टांत नेमकी तीच नाहीं.

हस्तलिखितानें छापील कागदाला कसें तारलें, याचेंही उदाहरण याच पत्राच्या चरित्रांत आहे. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथाचे पहिले दोन भाग ‘दीनबंधु’त छापून लोखंडे थांबले, पुढचा मजकूर त्यांस झेपला नाहीं. हस्तलिखित राहिलें, म्हणून ग्रंथ आपणांस पूर्ण मिळाला. खुद्द भालेकरांचा वारसा त्यांचे औरस पुत्र मुकुंदराव पाटील यांनीं चालविला. हे दत्तक गेले होते. त्यांनीं १९१० त ‘दीनमित्र’ पुन्हा सुरू केला व पुढें नगर जिल्ह्यांतील तरवडी या खेड्यांतून चालविला. ‘निबंधमाले’च्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, ‘केसरी’च्या फायली जपल्या गेल्या, या पत्रांस तसा आश्रय लाभला नाहीं.

म्हणून बारामती व इंदापूर या बाजूच्या संग्राहकांस आमची एक सूचना आहे. जुन्या वाड्यांतील रुमाल सोडतांना आपण सनदा व महजर वेगळे काढतों आणि मध्यें घातलेला छापील कागद रद्दींत टाकतों. तो टाकूं नये. पाटील-कुळकर्ण्यांच्या घरीं खतांच्या व सारापावत्यांच्या गठ्ठ्यांस गुंडाळलेला कागद उलगडून त्याचें नांव व तारीख नोंदावी. टपालाचें वेष्टण असेल तर त्यावरील वर्गणीदाराचें नांव व गांव जसेंच्या तसें उतरून घ्यावें. असें एक वेष्टण सुप्याचें वा इंदापूरचें निघालें, तर ज्यांच्या नांवानें भालेकर लिहीत होते त्यांच्या चावडीपर्यंत तें पत्र पोंचत होतें, हें कोणत्याही सरकारी सारांशापेक्षां अधिक खात्रीनें सांगतां येईल.