आतली भिंत की बाहेरची?

शोधनिबंधाचं रसग्रहण म्हटलं की विज्ञानाची मंडळी हसतात आणि साहित्याची दचकतात. तरी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला, २०१५ साली ‘नॅनोस्केल’ या नियतकालिकात आलेला एक निबंध मला तसा वाचावासा वाटतो. राहुल बॅनर्जी आणि उल्हास खारुल हे त्याच्या लेखकांपैकी दोघे. एकाचा हात स्फटिकांवर बसलेला, दुसऱ्याचा बहुवारिकांच्या पडद्यांवर.

त्यातला प्रश्न, म्हणजे मिसळलेले रेणू वेगळे करण्याचा, आमच्या शहाद्याच्या ऊसपट्ट्यालाही परका नाही. मळीपासून काढलेला मद्यार्क नुसत्या ऊर्ध्वपातनाने वजनाच्या साधारण ९५.६ टक्क्यांपुढे शुद्ध होत नाही. उरलेलं पाणी काढायला ३ अँगस्ट्रॉम छिद्रांचं झिओलाइट भरलेले मनोरे लागतात. पाण्याचा रेणू त्या छिद्रात शिरतो, मद्यार्काचा बाहेर राहतो. पण मनोरा पाण्याने भरला की थांबायचं, तो सुकवायचा, मग पुन्हा चालू करायचा. पडद्याला ही कटकट नाही. एका अंगाने मिश्रण येत राहतं आणि दुसऱ्या अंगाने हवे तेवढेच रेणू जात राहतात.

वायू वेगळे करायलाही असा पडदा हवा, आणि तो धातू-सेंद्रिय जाळ्यांचा करता आला तर? या जाळ्यांत धातूचे अणू सांध्यांवर असतात आणि सेंद्रिय रेणू त्यांना जोडतात. कितागावा, रॉबसन आणि याघी यांना २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामासाठी मिळालं. बॅनर्जींनी याघींच्याच प्रयोगशाळेत काम केलं होतं. अडचण एवढीच की ही जाळी बहुधा पूड होऊन हाती येते. पुडीतल्या प्रत्येक कणाला नेमकी छिद्रं असली तरी दोन कणांमधल्या फटीतून सगळेच वायू निसटतात. म्हणून सच्छिद्र आधारावर सलग थर वाढवायचा.

पुण्याच्या मंडळींनी आधार घेतला तो पॉलिबेन्झिमिडाझोल या बहुवारिकाच्या पोकळ तंतूचा. ठिबकची मायक्रोट्यूब खूप बारीक करावी आणि तिच्या भिंतीलाही छिद्रं असावीत, असा तो तंतू. आता निबंधाचा गाभा. धातूचं मीठ एका द्रवात, जोडणारा रेणू दुसऱ्या द्रवात, आणि दोन्ही द्रव एकमेकांत न मिसळणारे. एक तंतूच्या पोकळीत, दुसरा बाहेर. ते भेटतात फक्त सीमेवर, त्यामुळे स्फटिक उगवतो तोही तिथेच, आणि तापवावं न लागता, खोलीच्या तापमानाला! द्रवांची जोडी आणि प्रयोगाची परिस्थिती नीट निवडली की थर आतल्या भिंतीवर वाढवायचा की बाहेरच्या, हे आपल्याला ठरवता येतं.

या पद्धतीत एक अंगभूत शहाणपण आहे, आणि मला सर्वात जास्त आवडतं ते हेच. जिथे थर जुळला तिथे दोन्ही द्रवांची भेट तुटते आणि वाढ मंदावते. जिथे फट राहिली तिथे भेट चालू राहते, म्हणून फटच आधी बुजते. ल्यूव्हेनच्या संशोधकांनी २०११मध्ये सीमेवरच्या याच वाढीतून पोकळ कुप्या बनवल्या होत्या.

आणखी एक जुळणी पाहण्यासारखी आहे. निबंधातल्या दोन जाळ्यांपैकी झिफ-८मध्ये जस्ताला जोडणारा रेणू इमिडाझोलच्या कुळातला, आणि आधाराच्या बहुवारिकातही इमिडाझोलचंच कडं. कवितेत असतं तर याला यमक म्हटलं असतं. इथे ते धातूला भिंतीशी धरून ठेवण्याच्या कामाचं आहे.

झिफ-८च्या छिद्राचं माप कागदावर ३.४ अँगस्ट्रॉम. कार्बन डायऑक्साइड ३.३, नायट्रोजन ३.६४, मिथेन ३.८. म्हणजे पहिला जाणार आणि बाकीचे अडणार? तसं होत नाही. दाराशी असलेले सेंद्रिय रेणू हलतात, दार किलकिलं होतं आणि मोठे पाहुणेही आत येतात. या जाळीची खरी करामत प्रोपिलीन (४.०) आणि प्रोपेन (४.३) यांना वेगळं करण्यात दिसते.

निबंधाची भाषा मात्र बेताची. सुरुवातीला जाळ्यांची तीच ती स्तुती, आणि पद्धत मोठ्या प्रमाणावर नेता येईल हा भरवसा जरा लवकर दिलेला. वायू वेगळे करण्याच्या निकालांबद्दल लेखक जपून बोलतात, ते योग्यच. जॉर्जिया टेकच्या गटाने २०१४मध्ये ‘सायन्स’मध्ये पोकळ तंतूच्या आत द्रव वाहता ठेवून झिफ-८ वाढवलं होतं, आणि विलगीकरणाच्या आकड्यांत ते काम जास्त वजनदार वाटतं. पुण्याच्या कामाची जमेची बाजू म्हणजे भिंतीची निवड.

ही निवड शोभेची नाही. बाहेरचा थर तपासायला सोपा आणि क्षेत्रफळही थोडं जास्त, पण शेकडो तंतू एका जुडीत कोंबले की ते एकमेकांवर घासतात आणि ठिसूळ स्फटिकाला तडा जातो. आतला थर सुरक्षित राहतो, मात्र बारीक पोकळीत तो सारखा वाढवणं अवघड. दुसरी जाळी, तांब्याची कॉपर-बीटीसी, दमट हवेत टिकत नाही. कारखान्याच्या ओल्या, धुळकट बायोगॅससाठी मला निवडायला सांगितलं तर मी झिफ-८च घेईन, तेही आतल्या भिंतीवर, आणि वायू आधी गाळून सुकवून घेईन.