सातव्या दिवसाची सही

डब्लिनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाकडे भारतातून पाहुणे आले की त्याला गाइड व्हावंच लागतं. ट्रिनिटीतलं बुक ऑफ केल्स, मोहेरचे कडे, गिनेसचा कारखाना (पाहुणे वडीलधारे असतील तर बाहेरूनच) आणि किलमेनहॅमचा तुरुंग. गेल्या वीस-एकवीस वर्षांत या तुरुंगात मी जितक्या वेळा जाऊन आलोय, तितक्या वेळा जुन्या काळचा सराईत चोरही गेला नसेल. १९१६ च्या उठावातल्या चौदा जणांना इथल्या दगडी आवारात गोळ्या घातल्या, हे मी आता झोपेतसुद्धा सांगू शकतो.

२०२५ च्या जुलैत बोरिवलीचा माझा मावसभाऊ आणि वहिनी आले होते. एका शनिवारी त्यांना किलमेनहॅमला नेलं. काचेचं छप्पर, मधोमध लोखंडी जिना आणि भोवती मजल्यामजल्यांनी कोठड्या असं ते भव्य दालन पाहून वहिनी म्हणाली, "हे सिनेमात पाहिल्यासारखं वाटतंय." मी लगेच माझं ज्ञान पाजळलं. 'इन द नेम ऑफ द फादर' या चित्रपटातल्या तुरुंगाचं चित्रण इथेच झालंय, गोष्ट मात्र इंग्लंडच्या तुरुंगातली आहे. दादा म्हणाला, "मग बघूच की आज रात्री." दादाला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी, माहीमला जिच्यात स्फोट झाला त्या लोकलमध्ये तो होता, शेजारच्या डब्यात. घरी आम्ही हा विषय काढत नाही. चित्रपट कशावर आहे ते माझ्या लक्षात आलं तेव्हा वहिनी तळलेले पापड घेऊन सोफ्यावर बसलीसुद्धा होती.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. ५ ऑक्टोबर १९७४ रोजी लंडनजवळच्या गिल्डफोर्ड गावात, सैनिकांची वर्दळ असलेल्या दोन पबमध्ये आयआरएने बॉम्ब ठेवले. पाच जण मेले. २१ नोव्हेंबरला बर्मिंगहॅमच्या पबमध्ये आणखी एकवीस. देश खवळला. आठ दिवसांत, २९ नोव्हेंबरला, ब्रिटिश संसदेने दहशतवाद-प्रतिबंधक कायदा केला. आरोप न ठेवता संशयिताला ४८ तास, आणि गृहमंत्र्यांच्या सहीने आणखी पाच दिवस, म्हणजे एकूण सात दिवस डांबायची मुभा मिळाली. दुसऱ्याच दिवशी बेलफास्टमध्ये जेरी कॉनलन नावाच्या वीस वर्षांच्या उनाड पोराला पोलिसांनी घरातून उचललं. त्याच्यासाठी वकील बघायला लंडनला गेलेल्या आजारी बापालाही, ज्युसेपेला, तिथे नातेवाइकांच्या घरी अटक झाली. पोराला जन्मठेप आणि बापाला बारा वर्षं. बाप १९८० च्या जानेवारीत कैदेतच वारला. पोरगा आणि त्याचे तीन साथीदार १९ ऑक्टोबर १९८९ ला निर्दोष सुटले. पंधरा वर्षं.

डब्लिनच्याच जिम शेरिडनने १९९३ साली यावर चित्रपट केला. डॅनियल डे-लुईस जेरी, पीट पॉस्टलथ्वेट बाप आणि एमा थॉम्पसन वकील गॅरेथ पियर्स. सात ऑस्कर नामांकनं मिळाली, ऑस्कर एकही नाही. बर्लिनचं सुवर्ण अस्वल मात्र मिळालं. मी तो पहिल्यांदा पाहिला तो पीएच.डी.च्या दिवसांत, भाड्याच्या डीव्हीडीवर. तेव्हा डोळे पुसत उठलो होतो. या वेळी डोळे तितके ओले झाले नाहीत. डोकं मात्र जास्त चाललं. त्याला कारण माझी पंधरा वर्षांची मुलगी.

चित्रपटातला सर्वोत्तम भाग आहे बापलेकाचा. छातीच्या विकाराने खोकणारा, देवभोळा, कधी आवाज न चढवणारा बाप आणि त्याची आयुष्यभर लाज बाळगलेला मुलगा, एकाच कोठडीत. पॉस्टलथ्वेटने हा माणूस असा उभा केलाय की आपल्याकडच्या गिरणीतून निवृत्त झालेल्या एखाद्या काकांची आठवण यावी. बाप गेल्याची बातमी कळते तेव्हा कैदी पेटते कागद खिडक्यांतून खाली सोडतात, काळोखात ते तरंगत येतात, आणि कोणी काही बोलत नाही. असं दृश्य सुचायला दिग्दर्शकाचं काळीज लागतं.

आता गंमत पाहा. हे एका कोठडीतलं सहजीवन खरं नाही. बापलेकांना प्रत्यक्षात असं एका खोलीत ठेवलेलं नव्हतं आणि बराच काळ ते वेगवेगळ्या तुरुंगांत होते. दोन वेगळे खटले चित्रपटात एकच झाले आहेत. गॅरेथ पियर्स या सॉलिसिटर, शेवटच्या सुनावणीत कोर्टात गरजणं हे त्यांचं काम नव्हतंच. तेव्हा ब्रिटिश वृत्तपत्रांनी यावरून बराच आरडाओरडा केला होता. मला त्याचं फारसं वाटत नाही. बापलेकाचं नातं दाखवण्यासाठी दोघांना एका खोलीत आणलं, तर ते नाटककाराचं स्वातंत्र्य आहे. माझी तक्रार वेगळ्याच दोन ठिकाणी आहे.

पहिली, खलनायकाची. चित्रपटात डिक्सन नावाचा एक पोलिस अधिकारी आहे. जेरी निर्दोष असल्याचा पुरावा तो दडवतो. पंधरा वर्षांनी वकीलबाईंच्या हाती ती फाइल लागते आणि सत्याचा विजय होतो. हा डिक्सन काल्पनिक आहे. प्रत्यक्षात जे सापडलं ते जास्त भयंकर आणि दिसायला अगदीच साधं होतं. चौकशी चालू असतानाच हाताने लिहून घेतल्याचं शपथेवर सांगितलेल्या नोंदींचा, टाइप केलेला, खाडाखोड आणि भर घातलेला खर्डा पोलिसांच्याच दप्तरात मिळाला. शोधला कोणी? दुसऱ्या परगण्याच्या पोलिसांनी. ज्या तीन अधिकाऱ्यांवर त्यावरून खटला झाला ते १९९३ साली निर्दोष सुटले. म्हणजे खऱ्या गोष्टीत एकच एक राक्षस नाही. खर्डा करणारे, तो मान्य करणारे वकील, शिक्षा देणारे न्यायाधीश, 'सापडले एकदाचे' म्हणून चहा पिणारी जनता, सगळेच आपापलं काम नीट केल्याच्या समाधानात होते.

मॅग्वायर कुटुंबाचं तर याहून विलक्षण. ज्युसेपेला ज्या घरात पकडलं ते अॅनी मॅग्वायर यांचं घर. तिथल्या सात जणांना शिक्षा झाली ती कबुलीवर नव्हे, विज्ञानावर! हातांवर आणि हातमोज्यांवर नायट्रोग्लिसरीनचा अंश सापडल्याचं प्रयोगशाळेने सांगितलं. सर्वांत धाकटा मुलगा अटकेच्या वेळी तेरा वर्षांचा होता. त्यालाही तुरुंग घडला. १९९१ मध्ये अपील कोर्टाने मान्य केलं की असा अंश कोणालाही नकळत लागलेला असू शकतो. चित्रपट हे दोन मिनिटांत उरकतो. माझ्यासारख्या इंजिनियरला चुटपूट लागते ती इथेच. मारहाण चुकीची हे सगळ्यांना पटतं. पण पांढऱ्या कोटातला माणूस तक्ता दाखवून बोलू लागला की आपण माना डोलवतो.

दुसरी तक्रार मुख्य आहे, आणि ती माझी नाही, मुलीची आहे.

चौकशीचा प्रसंग चालू होता. दिवसामागून दिवस झोप नाही, मार, शिव्या. शेवटी तुझ्या बापाला ठार करू असं कानात कुजबुजल्यावर जेरी सही करून टाकतो. वहिनीने तोंड फिरवलं. दादा एकटक पाहत होता. मुलीने विचारलं, "बाबा, पण तो खरं बोलतोय हे पोलिसांना कसं कळणार? आपण त्याला पार्कमध्ये बघितला. त्यांनी कुठे बघितला होता?"

मी तेव्हा "शांतपणे बघ गं" म्हणालो. म्हणजेच मला उत्तर सुचलं नाही.

तिचं म्हणणं अचूक होतं. स्फोटाच्या रात्री जेरी लंडनच्या एका बागेत, बाकावर एका बेघर म्हाताऱ्याशी गप्पा मारताना आपल्याला दाखवला आहे. त्यामुळे पुढची प्रत्येक थप्पड आपल्याला अन्याय म्हणून लागते. अनुराग कश्यपचा 'ब्लॅक फ्रायडे' आठवा. १२ मार्च १९९३ च्या मुंबईच्या बॉम्बस्फोटांवरचा, टाडा कोर्टाचा निकाल येईपर्यंत अडकून राहिलेला आणि २००७ मध्ये प्रदर्शित झालेला. त्यातही कोठडीतला छळ आडपडदा न ठेवता दाखवलाय. पण तिथे कट कोणी केला हे आपल्याला आधीच दाखवलेलं असतं, म्हणून आपण अस्वस्थ होतो तरी खुर्ची सोडत नाही. एक चित्रपट निर्दोष माणूस दाखवतो, दुसरा दोषी. दोन्हीकडे उत्तर प्रेक्षकाच्या खिशात असतं. खऱ्या पोलिस ठाण्यात ते कोणाच्याच खिशात नसतं. नागरिकाचे हक्क हे या न कळण्यासाठीच लिहिलेले असतात. निर्दोष कोण हे आधीच कळत असतं, तर वकील आणि कोर्ट यांची गरजच काय होती?

आमच्या धंद्यात एक नियम आहे. प्रोग्रॅम बरोबर असो वा चूक, जी टेस्ट कायम पास होते ती टेस्टच नव्हे. सात दिवस झोपू दिलं नाही तर गुन्हेगारही सही करतो आणि गरीब गायही. मग त्या सहीवरून काय कळलं? काहीच नाही. मारहाणीची नैतिक बाजू क्षणभर सोडा, नुसतं माहितीचं साधन म्हणून बघितलं तरी ते टाकाऊ आहे.

आपल्याकडे हे इंग्रजांनाच आधी कळलं होतं. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या पंचविसाव्या कलमाने पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरायला बंदी घातली. स्वतः नेमलेल्या पोलिसांवर त्यांचा विश्वास नव्हता! ती बंदी आपण स्वतंत्र झाल्यावर उठवली, सगळ्यांसाठी नाही, खास कायद्यांपुरती. आधी टाडाने, आणि टाडा १९९५ मध्ये संपल्यावर महाराष्ट्रात १९९९ च्या मोक्काने. वरिष्ठ अधिकाऱ्यापुढची कबुली हा पुरावा ठरला. आयर्लंडनेही फार नाक वर करू नये. १९७६ च्या सॅलिन्सच्या रेल्वे दरोड्यात निकी केलीला डब्लिनच्या ज्युरीविना चालणाऱ्या विशेष न्यायालयाने कबुलीजबाबावरच शिक्षा दिली होती. तो निर्दोष असल्याचं मानून राष्ट्रपतींनी माफी दिली ती १९९२ मध्ये. ते विशेष न्यायालय आजही चालू आहे.

हे सगळं मी मुलीला रविवारी, मोठ्या विद्वत्तेने, समजावून सांगितलं. सोमवारी, २१ जुलैला, सकाळी दादाचा फोन वाजू लागला. मुंबई उच्च न्यायालयाने लोकल स्फोटांच्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं होतं. २०१५ मध्ये मोक्का कोर्टाने त्यातल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. फाशीवाल्यांपैकी एक जण २०२१ मध्ये, अपिलाचा निकाल लागायच्या आत, नागपूरच्या तुरुंगात वारला. कबुलीजबाब छळ करून घेतलेले आणि म्हणून अविश्वसनीय, असं न्यायालयाचं म्हणणं. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल दाखला म्हणून वापरायला मनाई केली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही.

दादा बराच वेळ स्वयंपाकघरात उभा होता. मग म्हणाला, "एकोणीस वर्षं मी रोज त्यांना शिव्या दिल्या रे." आणि थोड्या वेळाने, "मग आम्हाला उडवलं कोणी?"

मला २००६ चा तो आठवडा आठवला. रात्रभर लागत नसलेला फोन, पहाटे मावशीचा आवाज. पुढे अटका झाल्याची बातमी वाचली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला शांत झोप लागली. पकडलेल्यांचं ठाण्यात काय चाललं असेल हा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि 'चालू दे' म्हणून मी कूस बदलली. त्याच सुमारास हा चित्रपट पाहून मी जेरी कॉनलनसाठी रडलो होतो! दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात राहू शकतात, त्यांची एकमेकींशी ओळखही होत नाही. चित्रपटाने बागेतला बाक दाखवला नसता तर मीही 'चालू दे' म्हणणाऱ्यांतच बसलो असतो.

दादाच्या प्रश्नाला गिल्डफोर्डकडेही उत्तर नाही. डिसेंबर १९७५ मध्ये लंडनच्या बाल्कम स्ट्रीटवर पकडलेल्या आयआरएच्या टोळीने ते स्फोट आम्हीच केले असं सांगितलं होतं. त्यांच्यावर त्याबद्दल खटला कधी भरलाच नाही, कारण जागेवर आधीच चार जण बसवलेले होते. टोनी ब्लेअर यांनी २००५ मध्ये कॉनलन आणि मॅग्वायर कुटुंबांची माफी मागितली. गिल्डफोर्डच्या पाच मृतांच्या घरी मात्र कोणाला शिक्षा झाल्याचा निरोप अजून गेलेला नाही. खोटी सही घेतली की तुरुंगातल्या माणसाची पंधरा वर्षं जातात, आणि मेलेल्याची गोष्ट कायमची अर्धी राहते. शेरिडनचा चित्रपट जेरी कोर्टाच्या पुढच्या दारातून बाहेर पडतो तिथे, जल्लोषात, संपतो. माझ्या मते तो तिथे संपायला नको होता.

तरीही जरूर पाहा, मुलांना घेऊन पाहा. मुलांनी मधेच प्रश्न विचारला तर माझ्यासारखं गप्प करू नका. उत्तर तितकं अवघड नाही. पोलिसांना कळणार नसतं, म्हणूनच शेजारी वकील बसवायचा, आणि खोलीत टेपरेकॉर्डर ठेवायचा. इंग्लंडने १९८४ च्या कायद्याने ते सुरू केलं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या डिसेंबरात पोलिस ठाण्यांत कॅमेरे लावायला सांगितलं आहे. यंत्र स्वस्त असतं. ते चालू ठेवायची इच्छा महाग.

दादा-वहिनी ऑगस्टमध्ये परत गेले. विमानतळावर दादा मुलीला म्हणाला, "तुझा तो पार्कचा प्रश्न बरोबर होता हं." तो तिच्या डावीकडे उभा होता, म्हणजे उजवा कान तिच्याकडे. ती काय म्हणाली ते त्याला ऐकू गेलं नाही. त्याने बाजू बदलली आणि पुन्हा विचारलं.