ययातीची उसनवारी

जुन्या ग्रंथालयांत पुस्तकांची कार्डे हाताने लिहिलेली असत. त्या खणांत ‘ययाति’ शोधायचा तर दोनदा शोधावा लागतो. ऱ्हस्व ‘ति’चा एक गठ्ठा आणि दीर्घ ‘ती’चा दुसरा. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अन्त्य इकार दीर्घ केला. त्याआधी छापलेले नाव तसेच राहिले, नंतरच्या कार्डकाराने आपल्या वळणाने लिहिले. गमतीची गोष्ट एवढीच, की हे दोन गठ्ठे एकत्र केले तर एकाच नावाखाली कादंबरी येते, कन्नडमधून आलेले नाटक येते, संगीत नाटक येते. नाव एक, वाङ्मयप्रकार निरनिराळे. या पुस्तकांत एकमेकांशी बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण आपण ती वेगवेगळ्या कपाटांत ठेवतो. कादंबरीचे अभ्यासक नाटकाकडे वळत नाहीत आणि नाट्यसमीक्षक खांडेकरांचे नाव काढत नाहीत. मी कोणत्याही विभागाचा नसल्यामुळे मला दोन्ही कपाटांकडे जाता आले.

मराठीत ‘ययाति’ म्हटले की भोगलोलुप माणूस असा अर्थ ठरून गेला आहे. एखाद्या पुढाऱ्याला वा नटाला वय झाल्यावरही हौस सुटत नसली, की कोणीतरी ययातीचे नाव घेतोच. हा अर्थ रूढ होण्यात वि. स. खांडेकरांच्या कादंबरीचा वाटा सर्वांत मोठा आहे. माझे म्हणणे असे आहे, की या अर्थाने मूळ कथेतली एक अवघड गोष्ट झाकली गेली. ययाति कामुक आहे यात वाद नाही. पण कामुक राजे महाभारतात पुष्कळ आहेत. ययातीचे वेगळेपण असे, की त्याने भोगाचा खर्च स्वतःच्या पोरांच्या खात्यावर टाकला.

आदिपर्वातली कथा या दृष्टीने पुन्हा पाहावी. शुक्राचार्यांची मुलगी देवयानी ही ययातीची राणी. वृषपर्व्याची मुलगी शर्मिष्ठा तिची दासी म्हणून आलेली. ययातीला देवयानीपासून यदू आणि तुर्वसू, शर्मिष्ठेपासून द्रुह्यू, अनू आणि पुरू असे मुलगे झाले. शर्मिष्ठेचे प्रकरण उघडकीला आल्यावर शुक्राचार्यांनी त्याला जरेचा शाप दिला आणि ती दुसऱ्याला देऊन त्याचे तारुण्य घेता येईल एवढी सवलत ठेवली. ययाति एकेका मुलाकडे गेला. चौघांनी नकार दिला. त्या प्रत्येक नकाराला त्याने शाप दिला. यदूच्या वंशाला राज्य मिळणार नाही, अनूची संतती ऐन तारुण्यात मरेल, अशा थराचे शाप. धाकट्या पुरूने होकार दिला. हजार वर्षे ययातीने त्याचे तारुण्य वापरले, मुदत संपल्यावर परत केले आणि राज्यही त्यालाच दिले. थोरल्याला डावलल्याबद्दल प्रजेने विचारणा केली, तेव्हा राजाने उत्तर दिले, की पित्याची आज्ञा मानतो तोच पुत्र.

या सगळ्यात मला खटकते ती हजार वर्षांची मुदत नव्हे. खटकते ती ही, की त्या हजार वर्षांत पुरू कुठे होता, काय करीत होता, याबद्दल व्यासांचा ग्रंथ एक अक्षर बोलत नाही. वासना उपभोगाने शमत नाही हा बोध ययातीला होतो, तो आपल्याला शिकवलाही जातो. पण तो बोध ज्याच्या आयुष्यावर मिळवला, त्याचे म्हणणे कोणी नोंदवलेले नाही.

कथेतल्या इतरांची नावे पुस्तकांवर आली आहेत, हेही येथे सांगून टाकावे. मायकेल मधुसूदन दत्तांचे बंगाली नाटक ‘शर्मिष्ठा’ १८५९चे, म्हणजे खांडेकरांच्या कादंबरीच्या बरोबर शंभर वर्षे आधीचे. रवींद्रनाथांनी कच-देवयानीवर ‘विदाय अभिशाप’ लिहिले. आपल्याकडे खाडिलकरांनी १९१३ साली ‘विद्याहरण’ रंगभूमीवर आणले, त्यात बालगंधर्व देवयानी होते आणि नाटकाचा रोख मद्यपानावर होता. पुरूचे नाव मिरवणारे पुस्तक मात्र मला भेटलेले नाही.

खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ साली प्रसिद्ध झाली, १९६० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४चा ज्ञानपीठ मिळाला. मराठीला मिळालेला तो पहिला ज्ञानपीठ. पुरस्कारांमुळे या कादंबरीचे एक नुकसान झाले. तिची स्तुती करणारे आणि तिला भाबडी म्हणून बाजूला सारणारे, दोघेही तिची रचना पाहीनासे झाले. रचना साधी आहे, पण विचारपूर्वक केलेली आहे. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपली हकिगत सांगतात. ययातीच्या वाट्याला सर्वांत जास्त पाने आहेत. कच बोलत नाही, त्याच्याबद्दल बोलले जाते. आदर्श पुरुषाला स्वगत नको, त्याचे तेज इतरांच्या डोळ्यांत दिसावे, हा लेखकाचा हिशेब असावा. तो काही अंशी साधलाही आहे. शर्मिष्ठेचे निवेदन मला आजही कादंबरीतले सर्वांत खरे वाटते. देवयानीच्या अहंकाराला खांडेकरांनी तिच्याच तोंडून जी धार दिली, तीही त्यांच्या आधीच्या कादंबऱ्यांतल्या नायिकांना नव्हती.

पण पुरूलाही निवेदन नाही. कचाचे मौन हा सन्मान आहे. पुरूचे मौन ही सोय आहे. शापानंतर ययाति तारुण्य मागतो आणि पुरू ते देतो, हा प्रसंग कादंबरीत अगदी शेवटाकडे येतो. त्यानंतर काही क्षणांतच ययातीला पश्चात्ताप होतो, तो तारुण्य परत करतो, राज्य पुरूच्या हाती सोपवतो आणि दोन्ही स्त्रियांसह वनाची वाट धरतो. महाभारतातली हजार वर्षे खांडेकरांनी क्षणांवर आणली. हा बदल केवळ आटोपशीरपणासाठी आहे असे मला वाटत नाही. खांडेकरांना ययाति सुधारायचा होता. मुलाचे आयुष्य वर्षानुवर्षे वापरलेला बाप सुधारला तरी वाचक त्याला जवळ करणार नाही, हे त्यांना कळत होते. म्हणून कर्ज घेतल्याबरोबर फेडले गेले. व्याज लागलेच नाही. भोगाच्या मागे धावणाऱ्या आधुनिक माणसाला इशारा देण्याचे त्यांचे काम त्यामुळे निर्वेध झाले. मात्र त्या माणसाच्या धावण्याखाली कोण तुडवले गेले, या प्रश्नाला बगल मिळाली. शिरोड्याच्या शाळेत वर्षानुवर्षे मुलांना शिकवलेल्या लेखकाकडून मला पुरूच्या चार पानांची अपेक्षा होती.

याच सुमारास धारवाड-मुंबईकडचा एक तरुण हीच कथा उचलतो. गिरीश कर्नाडांचा जन्म १९३८चा, माथेरानचा. मातृभाषा कोंकणी, लेखनाची भाषा कन्नड. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला जाण्याच्या वेळी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी ‘ययाति’ लिहिले. ते १९६१ साली धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने काढले. हे नाटक खांडेकरांवरून सुचले का, असे मला अनेकांनी विचारले आहे. वर्षे जवळ आहेत म्हणून शंका येते. पण कर्नाडांनी स्वतः याचे कारण सांगून ठेवले आहे. राजाजींचे महाभारत त्यांच्या वाचनात होते आणि परदेशी निघालेल्या मुलाकडून घरच्या माणसांच्या अपेक्षा काय असतात, हे ते अनुभवत होते. मुलगा तिकडेच राहील, तिकडेच लग्न करील, ही धास्ती घरात होती. म्हणजे खांडेकर साठीच्या उंबरठ्यावरून ययातीकडे पाहत होते आणि कर्नाड बाविशीतून पुरूकडे. एकाच्या समोर शेवट होता, दुसऱ्याच्या समोर सुरुवात. उसनवारीचा प्रश्न येथे फिजूल आहे. फरक दोन पुस्तकांत आहे तो वयाचा आणि त्याहून अधिक वाङ्मयप्रकाराचा.

नाटकात पुरूला लपवता येत नाही. कादंबरीकार निवेदक निवडून एखाद्या माणसाला पडद्याआड ठेवू शकतो. रंगमंचावर तारुण्य दिलेला मुलगा म्हातारा होऊन समोर उभा राहतोच. कर्नाडांनी त्यात आणखी एक पात्र घातले, जे महाभारतात नाही. पुरूची नवी नवरी चित्रलेखा. ती सासरी येते आणि लगेचच नवऱ्याने बापाची जरा स्वीकारल्याचे तिला कळते. प्रथम ती नवऱ्याच्या त्यागाने भारावते, मग त्याचा चेहरा पाहते आणि मागे सरते. ययाति तिला मोठेपणाच्या गोष्टी सांगू लागतो. तेव्हा ती त्याला सरळ विचारते, की तुम्ही माझ्या नवऱ्याचे तारुण्य घेतलेत, तर त्या तारुण्याबरोबर आलेली जबाबदारीही तुमचीच ना? (शब्द माझे आहेत. कर्नाडांनी स्वतः केलेल्या इंग्रजी रूपाच्या आधारे मी आशय देतो आहे.) सासऱ्याला हा प्रश्न झेपत नाही. चित्रलेखा विष घेते. त्यानंतर ययाति शाप परत घेतो. पण फेड झाली तरी देणेकरी जिवंत असेल तर उपयोग.

कर्नाडांचे हे पहिले नाटक. त्यात कच्चेपणा आहे. सूत्रधाराचे बोलणे लांबते, स्वर्णलता दासीची कथा मुख्य कथेला धक्के देत राहते. शिवाय पुरू इतका उदास, की त्याने होकार का दिला हे कधी पटते, कधी पटत नाही. ‘तुघलक’शी तुलना केली तर हे शिकाऊ हात कळतात. तरीही चित्रलेखेचा तो प्रवेश वाचल्यावर खांडेकरांच्या कादंबरीचा शेवट पूर्वीसारखा वाचता येत नाही, असे माझे मत आहे. त्याग करणाऱ्याचेही एक घर असते आणि त्या घरातल्या माणसाला कोणी विचारलेले नसते, ही गोष्ट कर्नाडांनी नवी आणली.

वि. वा. शिरवाडकरांच्या ‘ययाति आणि देवयानी’बद्दल थोडक्यात. हे संगीत नाटक धि गोवा हिंदु असोसिएशनने १९६६ साली रंगभूमीवर आणले, संगीत जितेंद्र अभिषेकींचे. त्यातली पदे आजही मैफलीत गायली जातात आणि नाटकाचा गद्य भाग बहुतेकांना आठवत नाही. संगीत नाटकाचे भागधेय पुष्कळदा असे असते. मला त्यात रस आहे तो नावापुरता. शिरवाडकरांनी ययातीच्या बरोबरीने देवयानी मुखपृष्ठावर आणली. गाण्यांच्या बळावर प्रेमकथा उभी राहते, पिता-पुत्राची कथा मागे पडते. पण एक योगायोग सांगण्यासारखा आहे. याच संस्थेने, याच संगीतकाराला घेऊन, दोनच वर्षे आधी १९६४ साली वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ केले होते. तीही बापाच्या इच्छेसाठी मुलाने तारुण्य गमावल्याचीच कथा. शंतनूला सत्यवती हवी होती, म्हणून देवव्रत भीष्म झाला.

भीष्माच्या बाबतीत मराठी समीक्षा जागी होती. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये भीष्माच्या त्यागाचा कठोर हिशेब मांडला आणि त्या त्यागापायी किती स्त्रियांची आयुष्ये वाया गेली हे दाखवले. ए. के. रामानुजन यांनी भारतीय कथांतल्या पिता-पुत्रांवर लिहिताना पुरू आणि भीष्म यांना शेजारी बसवले. ग्रीक कथेत मुलगा बापाला मारतो, आपल्याकडे बाप मुलाचे आयुष्य घेतो आणि मुलगा ते आनंदाने देतो, असा त्यांचा रोख. इतके सगळे हाताशी असताना खांडेकरांच्या ‘ययाति’वरची आपली चर्चा मात्र भोग आणि संयम या जोडीच्या बाहेर क्वचितच गेली. कर्व्यांनी भीष्माला जे विचारले, ते पुरूच्या बाबतीत विचारायला हवे होते. पुरू, तुझ्या होकारामुळे चौघे भाऊ शापित झाले. नकार देणे हा गुन्हा कसा ठरला?

ययातीचे खाते येथे बंद होत नाही. उद्योगपर्वात गालवाची कथा आहे. गालवाला गुरुदक्षिणेसाठी एक कान काळा असलेले आठशे शुभ्र घोडे हवे होते. ते देणे ययातीला जमेना. त्याने आपली मुलगी माधवी गालवाला दिली. तिला तीन राजांकडे ठेवून प्रत्येकी दोनशे घोडे मिळाले, उरलेल्या घोड्यांच्या जागी विश्वामित्राने तिलाच ठेवून घेतले. प्रत्येकाला एक मुलगा. पुढे ययाति गर्वामुळे स्वर्गातून खाली पडला, तेव्हा याच चार नातवंडांनी आपले पुण्य देऊन त्याला परत वर पाठवले. मुलाचे तारुण्य, मुलीचे शरीर, नातवांचे पुण्य. कथा रचणाऱ्यांना हा साचा दिसत नव्हता असे मला वाटत नाही.

भीष्म साहनींनी १९८४ साली हिंदीत ‘माधवी’ नाटक लिहिले. त्याच्या मुखपृष्ठावर ययातीचे नाव नाही, पण माझ्या मते ते याच गठ्ठ्यात ठेवायला हवे. दानशूर म्हणवून घेण्यासाठी मुलगी देऊन टाकणारा ययाति तेथे पहिल्याच प्रवेशात भेटतो. माधवीला वर आहे, की अनुष्ठान केले तर तिला कौमार्य आणि तारुण्य पुन्हा मिळते. सगळी देणी फिटल्यावर ती गालवासमोर येते ती थकलेली, वय झालेली. गालव दचकतो, अनुष्ठान करून पूर्ववत हो म्हणतो. ती नाही म्हणते आणि निघून जाते.