‘विनाअनुदानित’ म्हणजे कुणाच्या पैशावर?



आजचा विषय शिष्यवृत्तीचा आहे. पण सुरुवात आम्ही एका शब्दापासून करतो : विनाअनुदानित. परभणी जिल्ह्यातल्या नऊपैकी कोणत्याही तालुक्यातला पालक हा शब्द ओळखतो. त्याचा सरळ अर्थ असा, की सरकार या महाविद्यालयाला पैसा देत नाही. आमचे म्हणणे असे आहे की हा अर्थ आता खरा राहिलेला नाही.

एक साधा हिशेब करू. समजा, एका व्यावसायिक महाविद्यालयात 300 विद्यार्थी आहेत. मंजूर फी 80 हजार. त्यातल्या 200 जणांची पूर्ण फी सरकार भरते. म्हणजे वर्षाला 1 कोटी 60 लाख रुपये सरकारी तिजोरीतून त्या संस्थेकडे गेले. हिशेबात हे अनुदान दिसत नाही, कारण कागदावर ते विद्यार्थ्याच्या नावाने असते. विद्यार्थी इथे नळासारखा आहे बघा. पाणी त्याच्यातून जाते, साठते मात्र दुसरीकडे.

हे घडले कसे? 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. सरकारजवळ पैसा नाही, खासगी संस्थांनी शाळा-कॉलेजे काढावीत, असा तो विचार. देणग्यांचा बाजार इतक्या लवकर भरला की 1987 मध्ये कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. 2002 मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की संस्थेला वाजवी शिल्लक ठेवता येईल, नफेखोरी करता येणार नाही. म्हणजे कायद्याने आपल्याकडे नफा कमावणारे कॉलेज अस्तित्वातच नाही! सगळे ट्रस्ट, सगळ्या सेवाभावी संस्था. पण इमारत, बस, खानावळ संस्थाचालकाच्या घरातल्याच माणसाची असेल, तर नफा भाड्याच्या आणि कंत्राटाच्या रूपाने बाहेर पडू शकतो. त्याला नफा म्हणावे लागत नाही, एवढेच.

दुसरीकडे शिष्यवृत्तीचा इतिहास बघा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली. तेव्हा बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. पुढे 1950 मध्ये त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढले. तीही खासगी संस्थाच होती. पण तिथे संस्था विद्यार्थ्यासाठी होती. आज अनेक ठिकाणी हे नाते उलटे झाले आहे. आधी जागा मंजूर करून आणायच्या, मग त्या भरण्यासाठी शिष्यवृत्तीला पात्र मुले शोधत गावोगाव फिरायचे. जून-जुलैत प्राध्यापकच प्रवेश गोळा करताना दिसतात, हे गंगाखेड-पालमकडच्या पालकांना नवे नाही.

आता नीट ऐका. अनुदानित महाविद्यालयाला सरकार पैसा देते, तेव्हा अटी घालते. शिक्षकांची पदे मंजूर होतात, भरतीत आरक्षणाची बिंदुनामावली लागते, पगार वेतनश्रेणीने बँकेत जमा होतो. तोच सरकारी पैसा शिष्यवृत्तीच्या वाटेने गेला की या अटी गळून पडतात. 2015 च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण फी ठरवते खरे, पण ती संस्थेने दाखवलेल्या खर्चावर. कागदावरचा पगार जितका मोठा, तितकी फी मोठी. तो पगार शिक्षकाच्या हातात पूर्ण पडला का, हे त्या शिक्षकालाच विचारा.

या शिष्यवृत्तीत गैरव्यवहार झाल्याच्या तक्रारींवरून 2016 मध्ये सरकारने के. व्यंकटेशम यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले. बोगस विद्यार्थ्यांवर खूप चर्चा झाली, ती व्हायलाच हवी. पण आम्हाला अधिक काळजी आहे ती खऱ्या विद्यार्थ्याची. तो हजर आहे, अर्ज खरा आहे, फी नियमाप्रमाणे आहे, आणि चार वर्षांनी हातात पदवी असूनही काम येत नाही. या व्यवहारात कायद्याने काहीच चुकलेले नसते. म्हणून त्याची चौकशीही होत नाही.

संस्थाचालकांची एक बाजू आहे, ती मान्य केली पाहिजे. सरकारचा पैसा वेळेवर येत नाही. महाडीबीटीवर अर्ज अडकतात, हप्ते रखडतात. पण त्या उशिराची शिक्षा कुणाला होते? ‘आधी फी भर, शिष्यवृत्ती आली की परत देऊ’ असे सांगितले जाते. टीसी आणि मूळ गुणपत्रिका अडवली जाते. मूळ कागदपत्रे ठेवून घेऊ नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये बजावले आहे. तरीही ऐन पेरणीच्या दिवसांत बाप बियाण्यासाठीचे पैसे कॉलेजच्या खिडकीवर मोजतो.

डिसेंबर 2020 मध्ये केंद्राने मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांची 59,048 कोटींची योजना मंजूर केली. केंद्राचा 60 टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जाऊ लागला. चांगलेच झाले. पण खाते बदलल्याने शिकवण्याचा दर्जा बदलत नाही. पैसे मुलाच्या खात्यातून पुढे त्याच खिडकीवर जातात.

अमेरिकेत उघडपणे नफ्यासाठी चालणारी कॉलेजे आहेत. तिथे नियम आहे, की अशा कॉलेजच्या उत्पन्नात केंद्र सरकारच्या मदतीचा वाटा 90 टक्क्यांपेक्षा जास्त नको. शिक्षण खरेच उपयोगाचे असेल, तर निदान दहा टक्के पैसा दुसऱ्या कुठून तरी यावा. या नियमातून पळवाटा निघाल्या. कोरिंथियन हा मोठा कॉलेजसमूह 2015 मध्ये आणि आयटीटी टेक 2016 मध्ये कोसळले, मुले कर्जात राहिली. पण निदान सरकारी पैशाचे प्रमाण मोजायचे असते, हे तिथे मान्य आहे. आपल्याकडे मोजायलाच सुरुवात नाही.

यावर काही जण म्हणतील, मग शिष्यवृत्तीच बंद करा. आमचा त्याला स्पष्ट विरोध आहे. परभणीचे कृषी महाविद्यालय 1956 पासून सरकारी पैशावर उभे आहे आणि त्यातून शेतकऱ्यांची किती मुले शिकली, हे आपण जाणतो. सार्वजनिक पैसा वाया जात नाही. ज्याचा हिशेब मागितला जात नाही, तो वाया जातो.

म्हणून तीन मागण्या. प्रत्येक महाविद्यालयाला शिष्यवृत्तीतून वर्षाला किती रक्कम मिळाली, ते प्रवेशाआधी जाहीर करा, सोबत निकाल आणि शिक्षकांना प्रत्यक्ष दिलेला पगारही. ज्यांचे निम्म्याहून अधिक उत्पन्न सरकारी आहे, त्यांना अनुदानितांच्या अटी लावा. आणि हप्ता सरकारमुळे रखडला, तर त्याचा भार विद्यार्थ्यावर टाकू नका. हे होत नाही तोवर ‘विनाअनुदानित’ हा शब्द माहितीपत्रकावर छापू देऊ नये, असे आम्हाला वाटते.

आता तुमचे प्रश्न येऊ द्या.